मलेरिया होऊन गेलेल्याला फ्लू आणि करोना कमी होतो का?

प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकांचा आहे. तिथे नेमणूक झाल्यापासून त्यांना तीनदा मलेरिया झाला. पत्नीला मागच्या पावसाळ्यात एकदा होऊन गेला, आणि आता ती पाच महिन्यांची गरोदर आहे. शाळेत सध्या ताप-खोकल्याची साथ आहे. ते लिहितात : "२०२० मध्ये सगळे म्हणायचे की मलेरियाच्या भागात करोना फारसा होत नाही, कारण तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. गावातली जुनी माणसं उलट सांगतात, की हिवतापानं माणूस आतून खचतो आणि मग त्याला काहीही धरतं. यातलं खरं काय? आम्ही फ्लूची लस घ्यावी का?"

सर, दोन्ही म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे. पण यातल्या कोणत्याही एकावर विसंबून वागलात तर नुकसान होईल. जंगलपट्ट्यातले तापाचे रुग्ण तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवातून आधी थोडक्यात सांगतो. वारंवार मलेरिया झालेल्या माणसाच्या शरीराची तापाला आणि सुजेला उत्तर देण्याची पद्धत बदलते, हे पक्कं आहे. त्या बदलामुळे काही लोकांमध्ये करोनाचं गंभीर रूप कमी दिसलं असावं, असे संकेत आहेत. मात्र व्हायरस शरीरात शिरण्यापासून मलेरिया कुणालाही वाचवत नाही. आणि ज्या दिवशी मलेरिया आणि श्वसनाचा व्हायरस दोन्ही एकाच वेळी अंगात असतात, त्या दिवशी जुन्या मलेरियानं काय दिलं याचा हिशेब करण्यात अर्थ नसतो. तेव्हा श्वास मोजावा लागतो.

२०२० चा तो समज आला कुठून? जगाच्या नकाशावर मलेरियाचे देश आणि करोनाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर मलेरिया जास्त तिथे करोना कमी असं चित्र दिसायचं. पण युगांडात निम्मी लोकसंख्या साधारण सोळा-सतरा वर्षांच्या आतली आहे, आणि इटलीत निम्मे लोक पंचेचाळिशीच्या पुढचे आहेत. करोनानं मारलं ते मुख्यतः म्हाताऱ्यांना. शिवाय जिथे चाचण्याच होत नाहीत तिथे रुग्ण कमीच दिसणार. झांबियाची राजधानी लुसाका इथे जून ते सप्टेंबर २०२० या काळात शवागारात आणलेल्या ३६४ मृतांच्या नाकातले नमुने तपासले गेले. त्यांतल्या १५ ते १९ टक्क्यांमध्ये करोनाचा व्हायरस निघाला. बहुतेकांचा मृत्यू दवाखान्याबाहेर झाला होता, आणि अशा एकाचीही जिवंतपणी चाचणी झालेली नव्हती. सरकारी आकड्यांत ही माणसं कुठेच नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये करोनाच्या अँटिबॉडी सापडल्या, इमारतींमध्ये राहणाऱ्यांत १६ टक्के. मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया काही नवा नाही, वस्त्यांमध्ये तर नाहीच. पण दाटीवाटीच्या घरांत व्हायरस सर्रास फिरला. ब्राझीलमधलं मानाउस तर याहून बोलकं आहे. त्या देशातला जवळजवळ सगळा मलेरिया ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे, आणि मानाउस त्याच खोऱ्यातलं मोठं शहर. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं श्वासासाठी तडफडून गेली. मलेरियाचा प्रदेश म्हणून करोनानं त्यांची गय केली नाही.

त्याच गोंधळात मलेरियाच्या गोळीचं नावही गाजलं. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं गेलं. पुढे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत ही गोळी दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले, न दिलेल्यांपैकी २५ टक्के. तो विषय तिथे संपला.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो, कारण नकाशा सोडून माणसांवर केलेला एक अभ्यास खरंच विचार करायला लावणारा आहे. तो युगांडातला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला. करोना झालेले ५९७ रुग्ण त्यात घेतले होते. त्यांतल्या १२ टक्क्यांच्या रक्तात त्याच वेळी फाल्सिपॅरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियाचे परजीवीही सापडले. मग काही रुग्णांच्या रक्तातल्या मलेरियाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजून, या माणसाची मलेरियाशी आजवर किती गाठ पडली असेल याचा अंदाज बांधला. ज्यांची गाठ कमी पडली होती, त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना करोनाचा गंभीर किंवा अतिगंभीर आजार झाला. ज्यांची भरपूर पडली होती, त्यांच्यापैकी ५ टक्क्यांना.

आकडा मोठा आहे, म्हणूनच तो नीट वाचायला हवा. तुलना झाली ते दोन्ही गट जेमतेम पन्नास-साठ माणसांचे होते. जास्त मलेरिया झालेला माणूस बहुधा खेड्यातला, अंगमेहनत करणारा, लठ्ठपणा आणि मधुमेह कमी असलेला. कमी मलेरिया झालेला बहुधा शहरातला. इतक्या थोड्या माणसांत हे सगळे फरक धुऊन काढता येत नाहीत. आणखी एक गोष्ट घाईत निसटते. या अभ्यासात सगळे करोना झालेलेच होते. म्हणजे आजार किती बळावला याबद्दल तो बोलतो, लागण होते की नाही याबद्दल एक अक्षरही नाही. "मलेरियावाल्यांना करोना होत नाही" हे त्यातून काढणं चूक आहे.

तरीही मला तो अभ्यास फेकून द्यावासा वाटत नाही, कारण त्यामागे शरीरात घडणारी एक खरी गोष्ट असू शकते. तुमच्या शाळेत येणाऱ्या एखाद्या मोठ्या माडिया मुलाच्या रक्तात परजीवी असतात आणि तो खेळत असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तेवढेच परजीवी नागपूरहून आलेल्या पाहुण्याच्या रक्तात असते तर तो हुडहुडी भरून अंथरुणात पडला असता. रेल्वेरुळाशेजारी वाढलेल्याला रात्रीच्या गाडीनं जाग येत नाही, तसं या मुलाचं शरीर परजीवींना सरावलेलं असतं. युगांडाच्या टोरोरो भागातल्या मुलांमध्ये ही प्रक्रिया बारकाईनं अभ्यासली गेली आहे. मलेरिया दिसताच सर्वांत आधी आरडाओरडा करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, गामा-डेल्टा टी पेशी, वारंवार मलेरिया झालेल्या मुलांत संख्येनं घटतात आणि उरलेल्या मंद होतात. मुलाला ताप येत नाही, पण परजीवी रक्तात राहतात.

करोनात आणि गंभीर फ्लूमध्ये फुप्फुसाचं बरंच नुकसान व्हायरसपेक्षा शरीराच्या अतिरेकी सुजेमुळे होतं. सूज उठवणारी यंत्रणाच सरावलेली असेल तर नुकसान कमी होईल, हा तर्क इथून येतो. तर्क पटण्यासारखा आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांत दाखवली. उंदरांना मलेरिया दिला आणि जोडीनं उंदरांच्याच न्यूमोनियाचा व्हायरस दिला. फुप्फुसातली सूज कमी झाली, पण व्हायरसला आवर घालणंही कमी पडलं. पहारेकऱ्याची झोप लागली तर घरात शांतता असते, पण चोरालाही मोकळं रान मिळतं, एवढं मी यातून घेतो. उंदरावरून माणसाबद्दल ठाम काही म्हणता येत नाही, पण शांतपणा म्हणजे संरक्षण नव्हे हे मात्र कळतं. शिवाय हा सराव कायमचा नसतो. मलेरियाच्या भागातून माणूस बाहेर पडला की काही महिन्यांत-वर्षांत तो ओसरतो. तुमच्यासारखा, मोठेपणी इथे आलेला आणि तीनदा आजारी पडलेला माणूस लहानपणापासून इथे वाढलेल्या माणसाइतका सरावलेला नसतोच. आणि ते 'तीनदा' सुद्धा तपासून बघायला हवं. मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार असेल तर परजीवी यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात, म्हणजे एकाच डासाचं देणं तीन वेळा फेडलं जाऊ शकतं. या दडलेल्या परजीवींना मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडल्या असतील, तर तुमच्याही बाबतीत तेच झालं असण्याची शक्यता आहे. जुने कागद काढून प्रकार कोणता होता ते बघा.

आता गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. हिवतापानं माणूस खचतो, याला विज्ञानाचा आधार पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७२ मध्ये ब्रायन ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या मलेरिया झालेल्या मुलांना लशी टोचून पाहिल्या, तेव्हा धनुर्वाताच्या लशीला त्यांच्या शरीरानं नेहमीपेक्षा कमी उत्तर दिलं. आफ्रिकेत मलेरिया झालेल्या लेकरांच्या रक्तात साल्मोनेलासारखे जंतू शिरतात, हे तिथले बालरोगतज्ज्ञ रोज पाहतात. केनियातल्या किलिफीमध्ये तर मलेरिया कमी झाला तशी रक्तातल्या जंतुसंसर्गाची प्रकरणंही उतरली. श्वसनाच्या व्हायरसबाबत इतका पक्का पुरावा अजून उभा राहिलेला नाही. तिथे दोन्ही दिशांचे धागे सापडतात. टांझानियात १९९२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात तर उलटच दिसलं होतं : गोवर किंवा फ्लू चालू असताना मुलांच्या रक्तातले मलेरियाचे परजीवी दबले गेले, डांग्या खोकल्यात मात्र तसं झालं नाही.

पण एका ठिकाणी मलेरिया आणि श्वसनाचा व्हायरस यांची गाठ मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तुमच्या घराशी संबंधित आहे. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ आईकडून नाळेतून आलेल्या अँटिबॉडींवर जगतं. लहान बाळांच्या छातीत कफ भरवणारा, दूध पिणं बंद पाडणारा सर्वांत नेहमीचा व्हायरस म्हणजे आरएसव्ही. मलेरियाच्या भागातल्या आईच्या रक्तात वारंवारच्या संसर्गामुळे अँटिबॉडींचं एकूण प्रमाण फुगलेलं असतं. नाळेतून अँटिबॉडी पलीकडे नेणारी दारं मोजकी असतात, तिथे गर्दी होते, आणि उपयोगाच्या अँटिबॉडींचा वाटा कमी पडतो. गांबिया आणि पापुआ न्यू गिनी इथल्या अभ्यासांत अशा मातांकडून आरएसव्हीच्या अँटिबॉडी बाळापर्यंत कमी पोहोचल्याचं आढळलं. म्हणजे आईला झालेल्या मलेरियाची किंमत बाळाचं फुप्फुस मोजू शकतं. तुमच्या पत्नीला एकदाच मलेरिया झालेला आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण आता बाळंतपणापर्यंत तिला मलेरिया होऊ न देणं याला तुमच्या घरात पहिला मान द्या. औषधभारित मच्छरदाणीत झोपणं, प्रत्येक तापाला त्याच दिवशी रक्ततपासणी. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून घरात पडलेल्या जुन्या पाकिटातल्या गोळ्या तिला स्वतःहून देऊ नका.

गडचिरोलीत राहणाऱ्यानं सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दलही बोलायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या सावलीत राहिलेल्या समाजांमध्ये सिकलचं जनुक टिकलं, कारण ज्याच्याकडे ते एकाच पालकाकडून आलं तो मलेरियाच्या गंभीर रूपातून वाचायचा. पण दोन्ही पालकांकडून आलं की आजार होतो, आणि त्या मुलाला साधा फ्लूसुद्धा महागात पडतो. छातीत दुखणं, ताप, ऑक्सिजन खाली जाणं, अशी छातीची तातडीची अवस्था ओढवते. एका अर्थानं मलेरियानं शेकडो वर्षांपूर्वी ठेवलेलं कर्ज आजचा व्हायरस वसूल करतो. तुमच्या शाळेत कार्डावर सिकलसेलचा आजार लिहिलेली मुलं असतील. ताप-खोकल्याच्या साथीत त्यांना वसतिगृहात ठेवून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसते वाहक, म्हणजे जनुक एकाच पालकाकडून आलेले, त्यांच्यासाठी ही घाई नाही.

आता मी जिथे खरा जीव जाताना पाहतो त्याबद्दल. तुमच्या शाळेत एक मूल तापानं फणफणतं. आशाताई येते, बोट टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडते, द्रावणाचे थेंब टाकते. पंधरा-वीस मिनिटांत दुसरी रेघ उमटते. "मलेरिया आहे." वयाप्रमाणे ठरलेल्या रंगाच्या पाकिटातल्या गोळ्या सुरू होतात, वहीत नोंद होते, मूल खाटेवर जाऊन झोपतं. सगळं नियमानं झालेलं असतं, आणि तरीही इथेच विचार थांबतो. ते मूल दोन दिवसांपासून खोकतंय हे कुणी विचारत नाही, कारण तापाचं कारण सापडलेलं असतं.

पश्चिम केनियात २००९ ते २०११ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास झाला. फ्लू सापडलेल्या मुलांपैकी ४५ टक्क्यांच्या रक्तात मलेरियाही होता. मलेरिया सापडलेल्यांपैकी मात्र फक्त ६ टक्क्यांना फ्लू होता. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ज्यांना दोन्ही होतं त्यांना दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागलं. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लावा. मलेरियाच्या भागात रक्तात परजीवी असणं इतकं सर्रास असतं, की आजचा ताप त्यांच्यामुळेच आला असं धरून चालत नाही. त्यात पट्टीची आणखी एक खोड आहे. फाल्सिपॅरमसाठीची पट्टी परजीवीनं सोडलेलं एक प्रथिन ओळखते, आणि मलेरिया बरा झाल्यावरही ते रक्तात काही आठवडे रेंगाळतं. महिन्याभरापूर्वी उपचार झालेल्या मुलाची पट्टी आज फ्लूच्या तापातही दोन रेघा दाखवू शकते.

याचा अर्थ पट्टी टाकून द्या असा मुळीच नाही. पट्टी पॉझिटिव्ह आली की मलेरियाचे उपचार द्यायचेच, त्यात तडजोड नाही, कारण फाल्सिपॅरम वाट बघत नाही. पण रेघ उमटायला लागणाऱ्या त्या पंधरा-वीस मिनिटांतलं एक मिनिट मुलाच्या छातीकडे बघा. सदरा वर करा, मूल शांत असू द्या, रडत असेल तर थांबा. पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुमच्या शाळेतल्या मोठ्या मुलांत शांत बसलेलं असताना ३० च्या पुढे गेला तर मी काळजी करतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला बायका "पोट उडतंय" किंवा "डब्बा झाला" म्हणतात, तर मोजत बसू नका, गाडी बोलवा.

हे शिकणं अवघड नाही, आणि हे याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गावातच अँटिबायोटिक द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू घटले. ते काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ बसवलेलं साधं उपकरणही त्यांनी तयार केलं होतं. तुमच्याकडे मोबाइलचं घड्याळ आहे.

श्वास जलद आहे पण छातीतून घरघर नाही, खोकला नाही, आणि मूल लांब लांब, खोल श्वास घेतंय, असं दिसलं तर ते वेगळं आहे. तो गंभीर मलेरियात रक्त आम्लयुक्त झाल्याचा श्वास असू शकतो. मोठ्या माणसांत मलेरिया थेट फुप्फुसावरही जातो, फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स दोन्हींत, आणि कित्येकदा उपचार सुरू झाल्यावर, परजीवी कमी होत असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. "गोळ्या सुरू आहेत, ताप उतरलाय, पण धाप वाढतेय" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे घरी थांबायचं नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही सावध करतो, कारण करोनानंतर तो बऱ्याच शाळांत पोहोचला आहे. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजननं भरलेला आहे ते सांगतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते सांगत नाही. मलेरियानं आणि कुपोषणानं हिमोग्लोबिन ५ वर आलेल्या मुलाच्या बोटावर ९७ दिसेल, आणि तरी त्याच्या रक्तात ऑक्सिजन असेल तो १३ हिमोग्लोबिन असलेल्या मुलाच्या निम्म्याहूनही कमी. अशा मुलाला लहानसा न्यूमोनियासुद्धा झेपत नाही. ऑक्सिमीटरच्या आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, तळहात बघा. पांढरेफटक असतील तर ९७ वर विश्वास ठेवू नका.

सलाईनबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ताप आला, अशक्तपणा आला की "एक बाटली लावा" ही मागणी आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात होते. मलेरियाच्या गंभीर रुग्णाच्या फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपत असतात. जोडीला व्हायरसनं सुजलेलं फुप्फुस असेल तर भराभर चढवलेल्या दोन-तीन बाटल्यांचं पाणी थेट छातीत उतरतं. पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला पाणी, पेज, ओआरएस तोंडानंच द्या. बाटली लावायची की नाही, आणि लावली तर किती वेगानं, हे डॉक्टरांना ठरवू द्या, नातेवाइकांच्या आग्रहानं नव्हे.

स्टेरॉइडचंही तसंच. ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं जीव वाचतात, हे २०२० मध्ये सिद्ध झालं. त्याच औषधानं मेंदूच्या मलेरियात नुकसान होतं, हे थायलंडमधल्या चाचणीतून १९८२ मध्येच समोर आलं होतं. रुग्ण बेशुद्धीतून उशिरा बाहेर आले. धाप लागलेल्या माणसाला मलेरिया न तपासता स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं हे तुमच्या भागात आगीशी खेळणं आहे.

दोन साथी एकाच वेळी आल्या की काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वीही दिसलं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या घोडदळानं दमास्कस घेतलं. त्यात भारतीय स्वारांच्याही तुकड्या होत्या. जॉर्डनच्या खोऱ्यातला मलेरिया त्यांच्या अंगात होता आणि शहरात इन्फ्लुएंझा वाट पाहत होता. काही आठवड्यांत सैन्य अंथरुणाला खिळलं, आणि कुणाला काय झालंय हे डॉक्टरांनाही सांगणं कठीण झालं. आज आपल्याकडे पट्टी आहे, सूक्ष्मदर्शक आहे, फ्लूच्या चाचण्या आहेत. तेव्हा एकच चाचणी करून थांबण्याचं कारण उरलेलं नाही.

करोनाच्या जुन्या अँटिबॉडी चाचण्यांबद्दल कुणी विचारलं तर एवढं लक्षात असू द्या. साथीच्या आधी साठवून ठेवलेल्या, मलेरियाच्या भागातल्या रक्ताच्या नमुन्यांतही काही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. मलेरियामुळे तयार झालेल्या काही अँटिबॉडी करोना व्हायरसच्या बाहेरच्या काट्यांवरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतात. त्या चिकटतात, पण व्हायरसला निकामी करत नाहीत. असा रिपोर्ट हातात धरून "मला आधीच संरक्षण आहे" म्हणणारे लोक मला भेटले आहेत, त्यांना हे सांगावं लागतं.

आणि मलेरिया-करोना यांचं जे नातं आकड्यांत पक्कं दिसलं, ते पेशींमधलं नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधल्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात मलेरियानं ६,२७,००० माणसं गेली, आदल्या वर्षापेक्षा ६९,००० जास्त. त्यांतल्या ४७,००० मृत्यूंमागे साथीमुळे विस्कळीत झालेली तपासणी, उपचार आणि प्रतिबंधाची कामं होती. ताप आला तरी भीतीनं लोक दवाखान्यात गेले नाहीत, फवारणी आणि मच्छरदाण्या उशिरा पोहोचल्या. पुढच्या वेळी श्वसनाची साथ आली तर तुमच्या शाळेत बोट टोचणं थांबता कामा नये.

आता तुमच्यासाठी नेमकं. सध्याच्या साथीत ताप आलेल्या प्रत्येक मुलाची मलेरियाची तपासणी करा आणि प्रत्येकाचा श्वास मोजा, पट्टी काहीही सांगो. खोकणारी मुलं वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या, पण संध्याकाळी मच्छरदाणी लावूनच. हवा खेळती ठेवताना डास आत घेतले तर काय मिळवलं? गोळ्या सुरू झालेल्या मुलाचा श्वास दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही मोजा आणि वहीत लिहा, कारण आकडा वाढतोय हे लिहिल्याशिवाय लक्षात येत नाही. मलेरियाच्या गोळ्या दोन दिवस नीट घेऊनही ताप आणि खोकला तसाच असेल, तर मलेरियाची दुसरी गोळी मागू नका, छाती तपासून मागा.

लशीचं उत्तर : हो, घ्या. जुना मलेरिया हे लस टाळण्याचं कारण नाही. फ्लूची टोचायची लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते, आणि तिच्यामुळे जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. तुमच्या पत्नीच्या बाबतीत मी टाळाटाळ करणार नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांनाही ती द्यायलाच हवी. टोचायच्या दिवशी ताप असेल तर आधी मलेरिया तपासून उपचार पूर्ण करा, म्हणजे शरीर लशीला नीट उत्तर देईल. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, मलेरियाही तेव्हाच, आणि लशीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे जातात. दरवर्षीसाठी एप्रिल-मे हे महिने धरून ठेवा. पत्नीची लस मात्र त्या महिन्यांपर्यंत लांबवू नका, पुढच्या तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांकडे मागा.